प्राचीन ग्रीक पानपात्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रीक चित्रित प्याल्यांवर कुठेही बोललं की नंतर तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला अगदी प्राथमिक, पुढे अडचणीचे. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. बहुतेक उदाहरणं इ.स.पू. सहाव्या आणि पाचव्या शतकातल्या अथेन्सची आहेत, कारण चित्रित प्याल्यांचं सर्वांत मोठं आणि सर्वांत कसदार काम तिथेच झालं.

१. किलिक्स म्हणजे नेमकं काय?

वाइन पिण्याचं उथळ, पसरट मातीचं पात्र. खाली गोल बैठक, त्यावर देठ, देठावर पसरट वाडगा आणि वाडग्याला समोरासमोर दोन आडवे कान. तोंडाचा व्यास साधारण २० ते ३० सेंटिमीटर, खोली मात्र ओंजळीएवढी. आत तळाशी एक वर्तुळाकार चित्र असतं, त्याला अभ्यासक ‘टोंडो’ म्हणतात. बाहेरच्या बाजूला दोन कानांच्या मधल्या जागांत आणखी दोन चित्रं.

म्हणजे एका प्याल्यावर तीन चित्रं, आणि ती तिन्ही एका वेळी कधीच दिसत नाहीत. बाहेरचं चित्र समोरच्याला दिसतं. आतलं फक्त पिणाऱ्याला, तेही वाइन खाली गेल्यावर. या पानावरचं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा. पुढची बरीच उत्तरं इथूनच निघतात.

२. उच्चार कोणता बरोबर? किलिक्स, कायलिक्स की क्युलिक्स?

प्राचीन अथेन्समधला उच्चार ‘क्युलिक्स’च्या जवळचा होता. इंग्रजी वळणाने ‘कायलिक्स’ होतं. मी ‘किलिक्स’ लिहितो, कारण मराठीत तो सहज बसतो. अनेकवचन ‘किलिकेस’. आपल्या ‘कलश’ शब्दाशी त्याचं नातं काही भाषाशास्त्रज्ञांनी सुचवलं आहे, पण ते पक्कं मानलं जात नाही. तेव्हा भाषणात ठोकून सांगू नका.

३. पिण्यासाठी फक्त किलिक्सच वापरत का?

नाही. ‘स्कायफॉस’ हा खोल, बिनदेठाचा, काठाजवळ दोन कान असलेला वाडगा. हेराक्लिसच्या हातात पुष्कळदा हाच दिसतो. घुबड रंगवलेला त्याचा एक छोटा प्रकार अथेन्समध्ये फार खपायचा. त्याचा एक कान आडवा आणि एक उभा असतो. ‘कँथरॉस’ म्हणजे काठाच्या वर उंच गेलेल्या कमानदार कानांचा प्याला. चित्रात तो ज्याच्या हातात असेल तो दाढीवाला बहुधा डायोनिसस, वाइनचा देव. ‘रायटॉन’ शिंगाच्या आकाराचा, अनेकदा खाली प्राण्याचं डोकं असलेला. ‘मास्टॉस’ स्तनाच्या आकाराचा. तो टेबलावर उभा राहू शकत नाही, म्हणून हातातच धरावा लागतो.

स्पार्टाच्या सैनिकांचा ‘कोथॉन’ मला विशेष आवडतो. प्लुटार्क सांगतो की मोहिमेवर गढूळ पाणी प्यायची वेळ आली तर त्याच्या रंगामुळे पाण्याचा रंग दिसत नसे, आणि आत वळलेल्या काठाला गाळ अडकून राहत असे.

४. इतक्या उथळ, पसरट पात्रातून पिताना सांडत नसे का?

खुर्चीवर ताठ बसून प्यायलात तर हमखास सांडेल. ग्रीक पुरुष मेजवानीत बसत नसत. डाव्या कोपरावर रेलत, जसे आपण लोडाला टेकतो. उजवा हात मोकळा. त्या स्थितीत प्याला छातीच्या उंचीवर येतो आणि तोंडाकडे न्यायला अंतर फार थोडं उरतं. काठ बऱ्याचदा किंचित वळलेला असतो.

मी एका कुंभाराकडून करून घेतलेल्या प्रतिकृतीत पाणी भरून हा प्रयोग अनेकदा केला आहे. पहिल्या दोन-तीन वेळा बाही भिजते. मग लक्षात येतं की हे पात्र घाई चालू देत नाही: हळू उचलायचं, हळू कलंडवायचं. जास्त पिऊन झाल्यावर ते सांभाळता येतं का, ही पिणाऱ्याची एक परीक्षाच असावी असं मला वाटतं.

५. हे प्याले कोणत्या प्रसंगी वापरत? सिम्पोझियम म्हणजे परिसंवाद ना?

आज परिसंवाद, मूळ अर्थ ‘एकत्र पिणं’. जेवण उरकल्यावर घरातल्या ‘आंद्रोन’ नावाच्या, म्हणजे पुरुषांच्या दालनात ही मैफल भरे. भिंतींलगत सात किंवा अकरा बाका आणि एका बाकेवर बहुधा दोघे. बाका मावाव्यात म्हणून या खोलीचा दरवाजा भिंतीच्या मध्यावर नसून एका बाजूला असतो. उत्खननात नुसता पाया सापडला तरी आंद्रोन ओळखता येतो तो त्यामुळे.

मधोमध ‘क्रेटर’, म्हणजे वाइन आणि पाणी मिसळायचं मोठं पात्र. एक जण त्या रात्रीचा प्रमुख निवडला जाई. मिश्रण किती कडक आणि किती फेऱ्या, हे तो ठरवी. तरुण सेवक प्याले भरत. कविता म्हणणं, कोडी घालणं, वाद घालणं, बासरीवालीचं वादन, राजकीय कारस्थानं, सगळं याच खोलीत. घरच्या बायका तिथे नसत. ज्या स्त्रिया असत त्या वादक, नर्तकी आणि हेताइरा, म्हणजे पैसे घेऊन पुरुषांना सोबत करणाऱ्या स्त्रिया. त्यांच्याबद्दल प्रश्न १३ पाहा.

६. वाइनमध्ये पाणी का घालत?

शुद्ध वाइन पिणं रानटीपणाचं मानलं जाई. हेसिअड तीन भाग पाणी आणि एक भाग वाइन सांगतो. इतर प्रमाणंही चालत, पण पाणी बहुधा जास्तच. स्पार्टाचा राजा क्लिओमेनीस वेडा झाला तो सिथियन पाहुण्यांच्या नादी लागून बिनपाण्याची प्यायल्यामुळे, असं स्पार्टाचे लोक म्हणत, हे हेरोडोटसने नोंदवलं आहे.

चौथ्या शतकातल्या युबुलोस या विनोदी नाटककाराच्या एका उताऱ्यात डायोनिसस स्वतः हिशेब मांडतो: शहाण्यांसाठी तीनच क्रेटर, पहिला आरोग्याचा, दुसरा प्रेमाचा, तिसरा झोपेचा, मग घरी जावं. चौथा उद्धटपणाचा. तिथून पुढे आरडाओरडा, मारामारी असं करत दहावा वेडाचा. प्याल्यांवरची चित्रं पाहिली की कळतं, बरेच जण तिसऱ्यानंतर घरी जात नव्हते.

७. काळा चकचकीत रंग कोणता? ग्लेझ आहे का?

ग्लेझ नाही, आणि नेहमीच्या अर्थाने रंगही नाही. ती मातीच आहे. हे उत्तर लांब आहे, पण यातली करामत समजल्याशिवाय या प्याल्यांचं मोल कळत नाही.

अथेन्सच्या मातीत लोह भरपूर. ती माती पाण्यात कालवून ठेवली की जाड कण खाली बसतात. वरचा अतिसूक्ष्म कणांचा थर काढून घट्ट केला की लेप तयार. चित्रकार याच लेपाने रंगवत असे. म्हणजे प्याला आणि रंग एकाच मातीचे. रंगवताना दोन्ही जवळजवळ सारखे तपकिरी दिसतात. काळं-लाल हे चित्र त्या वेळी फक्त चित्रकाराच्या डोक्यात असतं.

मग भट्टी. एकाच भाजणीत तीन टप्पे, तापमान साधारण ८०० ते ९५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान. पहिल्या टप्प्यात हवा खेळती ठेवायची. लोहाचं लाल ऑक्साइड होतं आणि सगळा प्याला लाल. दुसऱ्यात झरोके बंद करून ओली लाकडं घालायची; प्राणवायू कमी पडतो, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि सगळा प्याला काळा. याच वेळी उष्णतेने लेपातले बारीक कण वितळून एकजीव, काचेसारखे होतात. प्याल्याची जाडसर माती सच्छिद्रच राहते. तिसऱ्या टप्प्यात पुन्हा हवा सोडायची. सच्छिद्र मातीत प्राणवायू शिरतो आणि ती परत लाल होते. लेपात तो शिरू शकत नाही, म्हणून लेप काळाच राहतो.

मोजायला थर्मामीटर नाही, घड्याळ नाही. झरोका उघडायला थोडा उशीर किंवा घाई झाली की महिन्याची मेहनत वाया. संग्रहालयात एखाद्या प्याल्यावर काळ्या भागात लालसर डाग दिसला तर तिथे दुसरं भांडं टेकलं होतं किंवा ज्वाळा नीट पोचली नव्हती असं समजा. ही रीत पुढे विस्मृतीत गेली. तिचं रसायन १९४२ मध्ये थिओडोर शुमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने उलगडलं.

८. ब्लॅक-फिगर आणि रेड-फिगर कसं ओळखायचं?

आकृती काळ्या आणि पार्श्वभूमी लाल असेल तर ब्लॅक-फिगर. त्यात स्नायू, कपड्यांच्या चुण्या, केस हे सगळं टोकदार हत्याराने काळा लेप खरवडून काढलेलं असतं. बायकांची कातडी बहुधा पांढऱ्या लेपाने रंगवतात.

इ.स.पू. ५२५ ते ५२०च्या सुमाराला अथेन्समध्ये हे उलटं झालं. पार्श्वभूमी काळी भरायची, आकृती मातीच्या लाल रंगात सोडायच्या आणि आतले तपशील कुंचल्याने काढायचे. हे रेड-फिगर. खरवडण्यापेक्षा कुंचला कितीतरी मोकळा: वळलेलं शरीर, तिरका पाय, पातळ वस्त्राखालचा गुडघा, सगळं जमू लागलं. काही रेषा इतक्या दाट लेपाच्या आहेत की बोटाला उंचवटा जाणवतो. मधल्या वर्षांतल्या काही किलिकेसवर दोन्ही रीती एकत्र आहेत, आत काळ्या आकृती आणि बाहेर लाल. म्हणून फक्त टोंडो पाहून निष्कर्ष काढू नका.

९. काही प्याले आतून पांढरे असतात, ते का?

पांढऱ्या मातीचा लेप देऊन त्यावर रेषाचित्र. नाजूक आणि लवकर झिजणारं काम, त्यामुळे असे प्याले थोडे आणि बहुधा अर्पणासाठी किंवा कबरीत ठेवायला केलेले. डेल्फीच्या संग्रहालयातला अपोलो पाहा: मांडीशी वीणा, हातातून अर्घ्य सांडतोय, समोर एक काळा पक्षी. ब्रिटिश म्युझियममध्ये हंसावर बसलेली अॅफ्रोडाइटी आहे, ऱ्होड्स बेटावर सापडलेली. दोन्हींत रेषा अगदी मोजक्या.

१०. बाहेर मोठमोठे डोळे का काढतात? दृष्ट लागू नये म्हणून?

आपल्याकडून हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि तो रास्त आहे. वाईट नजर परतवण्यासाठी डोळे, हे स्पष्टीकरण दीर्घ काळ दिलं गेलं. ते सरसकट चूक म्हणता येणार नाही, पण ज्या प्रसंगासाठी हे पात्र आहे तिथे दुसरी गोष्ट जास्त पटते.

प्याला तोंडाला लावून कलंडवा. समोरच्याला तुमचा चेहरा दिसत नाही. दिसतात दोन मोठे डोळे, बाजूचे कान म्हणजे खरोखरचे कान, आणि बैठकीचं गोल बूड म्हणजे उघडं तोंड. पिणाऱ्याने मुखवटा चढवला. डायोनिसस हा वाइनचा तसाच नाटकाचा आणि मुखवट्याचाही देव. या ‘नेत्र-प्याल्यां’ची चलती साधारण इ.स.पू. ५४० ते ५००च्या दरम्यान होती. संग्रहालयात ते सरळ ठेवलेले असतात, म्हणून हा मुखवटा पाहणाऱ्याच्या ध्यानातच येत नाही.

११. एकच किलिक्स पाहायचा झाला तर कोणता?

अथेन्सचा कुंभार आणि चित्रकार एक्सेकियास याचा. म्युनिकच्या प्राचीन कलासंग्रहालयात आहे, इ.स.पू. ५४० ते ५३०च्या सुमाराचा, इटलीत वुल्ची इथे सापडलेला. व्यास ३० सेंटिमीटरच्या थोडा वर.

आत नेहमीसारखा छोटा टोंडो नाही. जवळजवळ सगळा वाडगा म्हणजे एकच चित्र. पार्श्वभूमी पोवळ्यासारखी लाल, मातीच्या लालीहून वेगळी आणि साधायला अवघड. मधोमध एक गलबत, पांढरं शीड फुगलेलं. गलबतात डायोनिसस रेलून पहुडलेला, हातात शिंगाचा प्याला. डोलकाठीवरून द्राक्षवेल चढून वर पसरली आहे, तिला सात घड. भोवती सात डॉल्फिन. कथा अशी की चाच्यांनी देवाला साधा मुलगा समजून पळवलं. त्याने जहाजात वेल उगवली आणि घाबरून समुद्रात उड्या टाकणाऱ्या चाच्यांचे डॉल्फिन झाले. बाहेर दोन्ही बाजूंना मोठे डोळे (प्रश्न १०) आणि कानांपाशी प्रेतासाठी झुंजणारे योद्धे.

समुद्र मात्र रंगवलेलाच नाही. एक लाटही नाही. होमर समुद्राला ‘वाइनच्या रंगाचा’ म्हणतो. इथे समुद्र म्हणजे प्याल्यातली वाइनच. प्याला भरला की गलबत बुडतं, पीत गेलात की हळूहळू वर येतं. बाकेवर रेललेला माणूस तळाशी पाहतो तेव्हा तिथे त्याच्यासारखाच रेललेला देव असतो. हा प्याला गेल्या अडीच हजार वर्षांत कोणी भरून पाहिला नसेल, याची मला खरोखर हळहळ वाटते.

१२. चित्रांत फक्त देव आणि युद्धंच असतात का?

अजिबात नाही, आणि किलिक्सचं मोठेपण इथेच आहे. बर्लिनमधल्या एका प्याल्याच्या बाहेरच्या अंगाला पूर्ण कांस्य-कार्यशाळा आहे: भट्टी, भाता, भिंतीवर टांगलेली हत्यारं, मुंडकं न जोडलेला पुतळा आणि जमिनीवर पडलेलं त्याचं मुंडकं. दुसऱ्या बाजूला भल्यामोठ्या योद्ध्याच्या पुतळ्यावर कारागीर शेवटचा हात फिरवत आहेत. ग्रीक कांस्यशिल्पं कशी घडत, याचा इतका स्पष्ट चित्रपुरावा दुसरीकडे मिळणं कठीण. आत टोंडोमध्ये हेफेस्टस थेटिसला तिच्या मुलाची, ट्रॉयच्या युद्धातल्या अकिलीसची, शस्त्रं देतो आहे: कारागिरांचा देव आत, माणसं बाहेर.

बर्लिनमध्येच डुरिसचा शाळेचा प्याला आहे. मुलं वीणा शिकत आहेत, गुरुजी पाटीवर लिहीत आहेत, कोणी गुंडाळी उलगडून धरली आहे. पॅरिसमधला स्पार्टाकडचा एक प्याला (सुमारे इ.स.पू. ५६०) उत्तर आफ्रिकेतल्या सायरीनीचा राजा आर्केसिलास माल तोलताना देखरेख करतोय असं दाखवतो, माल बहुधा सिल्फियम नावाची मौल्यवान वनस्पती, काहींच्या मते लोकर. वुर्झबर्गच्या संग्रहालयात ब्रिगोस चित्रकाराचा एक प्याला आहे, त्याच्या तळाशी एक तरुण ओकतो आहे आणि एक मुलगी त्याचं डोकं धरून उभी आहे. शेवटचा घोट घेताना हे दिसणार!

आणि सोसियासचा प्याला (बर्लिन, सुमारे इ.स.पू. ५००). अकिलीस आपल्या जिवलग मित्राच्या, जखमी पॅट्रोक्लसच्या दंडाला पट्टी बांधतो आहे. पॅट्रोक्लसने मान फिरवली आहे, वेदनेने ओठ उघडे आणि पांढरे दात दिसतात. बाण बाजूला पडला आहे. त्याचा एक पाय चौकटीच्या गोलाला रेटलेला. पट्टीची टोकं जुळत नाहीत, म्हणजे अकिलीसलाही हे काम पुरतं जमत नाहीये. मला ट्रॉयच्या साऱ्या लढायांपेक्षा ही पट्टी जास्त जवळची वाटते.

१३. काही प्याल्यांवर उघड शृंगारिक, हिंसक दृश्यं असतात. मुलांना काय सांगायचं?

लहान मुलांना ती दाखवू नका. मोठ्यांपासून लपवू नका. पुरुषांची, दारूची खोली होती आणि प्याले तिथल्या रुचीने रंगवले गेले. ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन संग्रहालयात तर असा किलिक्स आहे की ज्याची बैठकच पुरुषाच्या लिंगाच्या आकाराची आहे.

याकडे नुसतं ‘ग्रीक लोक मोकळे होते’ म्हणून पाहणं मला पटत नाही. चित्रांतल्या अनेक स्त्रिया आणि सेवक मुलं गुलाम होती. ‘नाही’ म्हणायचा अधिकार त्यांना नव्हता. काही चित्रांत चपलेने मारहाण आहे. चित्र सुंदर काढलेलं असलं तरी खोलीत कोणाची मर्जी चालत होती, हे विसरून ते पाहता येत नाही. हेताइरांमध्ये शिकलेल्या, वादपटू स्त्रियाही होत्या. पण सगळ्यांचं आयुष्य तसं नव्हतं.

१४. प्याल्यावर काय लिहिलेलं असतं?

कधी सही: ‘अमक्याने केला’ म्हणजे कुंभार, ‘अमक्याने रंगवला’ म्हणजे चित्रकार. युफ्रोनिओस तरुणपणी चित्रकार म्हणून सही करी; पुढे कुंभार झाला आणि ओनेसिमोसने रंगवलेल्या किलिकेसवर ‘युफ्रोनिओसने केला’ असं आलं. कधी शुभेच्छा: ‘आनंदात राहा आणि नीट पी.’ कधी ‘लेआग्रोस देखणा’ अशी त्या काळच्या लाडक्या तरुणाची स्तुती. कधी नुसती निरर्थक अक्षरं. लिहिता न येणाऱ्यालाही ठाऊक होतं की चांगल्या प्याल्यावर अक्षरं असतात.

आणि मालकांनी कोरलेलं. एका साध्या काळ्या किलिक्सवरचा मजकूर: हा प्याला केफिसोफोनचा, जो फोडेल त्याने एक ड्राख्मा (चांदीचं नाणं) भरावा, कारण ही झेनिलोसची भेट आहे. आपल्या आया भांड्यांवर नाव घालून घेत, ‘अमक्याकडून सप्रेम भेट’ लिहून घेत, तेच.

१५. ‘नेस्टरचा प्याला’ खरंच नेस्टरचा आहे का?

इलियडमध्ये म्हातारा नेस्टर सोन्याच्या खिळ्यांचा, कबुतरं बसवलेला प्याला वापरतो. भरला की इतरांना तो उचलता उचलत नाही. नेपल्सजवळच्या इस्किया बेटावर १९५४ मध्ये कबरीत सापडलेला प्याला मात्र साधा मातीचा, भौमितिक नक्षीचा, इ.स.पू. आठव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्यावर उजवीकडून डावीकडे तीन ओळी कोरल्या आहेत. आशय असा: मी नेस्टरचा, प्यायला उत्तम प्याला. जो माझ्यातून पिईल त्याला तत्काळ सुंदर मुकुटाच्या अॅफ्रोडाइटीची ओढ लागेल.

ग्रीक वर्णमालेतल्या अगदी सुरुवातीच्या लिखाणांपैकी हे एक. त्यातल्या शेवटच्या दोन ओळी इलियडच्याच वृत्तात आहेत. कबर मुलाची असल्याचं अनेक वर्षं सांगितलं जाई; २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जळक्या हाडांच्या तपासणीत ती प्रौढ माणसांची निघाली.

१६. ‘ब्रिगोस चित्रकार’, ‘पेंथेसिलिया चित्रकार’ ही नावं कोणी ठेवली?

ऑक्सफर्डचे जॉन बीझली (१८८५–१९७०). बहुसंख्य पात्रांवर सही नसते. पण माणूस कान, घोटा, गुडघा, गळ्याचं हाड काढताना हातवळणाने काढतो, जसं आपलं हस्ताक्षर. बीझलींनी आयुष्यभर हीच वळणं जुळवून शेकडो हात वेगळे केले. नाव ठाऊक नसेल तर एखाद्या कृतीवरून, संग्रहालयावरून किंवा कुंभारावरून नाव दिलं. ब्रिगोस हा सही करणारा कुंभार. त्याच्यासाठी रंगवणारा तो ‘ब्रिगोस चित्रकार’. ऑक्सफर्डमधल्या त्यांच्या संग्रहात आज लाखाहून अधिक पात्रांच्या नोंदी आहेत आणि त्या इंटरनेटवर कोणालाही पाहता येतात.

१७. प्याला बोटात अडकवून फिरवणारी माणसं चित्रांत दिसतात. काय करतात ती?

कोट्टाबोस खेळतात. वाइन संपल्यावर तळाशी साका उरतो. तर्जनी प्याल्याच्या कानात घालायची, मनगटाला झटका देऊन तो साका निशाण्यावर उडवायचा. निशाणा म्हणजे काठीवर तोललेली छोटी तबकडी, किंवा पाण्यात तरंगणाऱ्या वाट्या. फेकताना आवडत्या माणसाचं नाव घ्यायचं. खेळ मूळ सिसिलीचा. सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमधल्या युफ्रोनिओसच्या एका पात्रावर अशीच खेळणारी हेताइरा म्हणते आहे, ‘लेआग्रोस, हा तुझ्यासाठी.’ प्रश्न १४ मधला तोच लेआग्रोस.

झेनोफोनने या खेळाची सांगितलेली आठवण विसरता येत नाही. इ.स.पू. ४०४ मध्ये थेरामेनीसला विष पिण्याची शिक्षा झाली. शिक्षा घडवून आणणारा क्रिटियास. विष पिऊन झाल्यावर थेरामेनीसने उरलेला थेंब कोट्टाबोससारखा उडवला आणि म्हणाला, ‘हा देखण्या क्रिटियाससाठी.’

१८. प्याले ग्रीक, मग बहुतेक इटलीत कसे सापडतात?

मध्य इटलीतले इट्रस्कन लोक अथेन्सची पात्रं हौसेने विकत घेत आणि मृतांसोबत दगडी थडग्यांत ठेवत. बंद थडग्यात भांडं शाबूत राहतं. अथेन्समध्ये ते फुटून विहिरीत किंवा भरावात जातं. १८२८-२९ मध्ये वुल्ची इथे नेपोलियनचा भाऊ ल्युसियन बोनापार्ट याच्या जमिनीवर खोदकाम झालं आणि हजारो पात्रं बाहेर आली. युरोपातले बरेच संग्रह त्यातूनच भरले. तोवर लोक यांना ‘इट्रस्कन’ भांडी समजत. वेजवुड या इंग्रज कुंभार-उद्योजकाने १७६९ मध्ये इंग्लंडमध्ये कारखाना काढला तेव्हा त्याचं नाव एट्रुरिया ठेवलं ते त्यामुळेच.

एक तोटा झाला. आपण ग्रीक पानसंस्कृती जिच्यावरून वाचतो ती पात्रं इट्रस्कन गिऱ्हाइकांनी निवडलेली आहेत, आणि इट्रस्कन मेजवानीत बायका नवऱ्यांच्या शेजारी रेलत. त्यांना ही चित्रं वेगळीच दिसली असतील.

१९. फार महाग असत का?

नाही. बुडाखाली कोरलेल्या व्यापारी नोंदींवरून मोठं सचित्र पात्रही दोन-तीन ड्राख्मांच्या घरात जातं; पाचव्या शतकाच्या अखेरीस कुशल कामगाराची दिवसाची मजुरी एक ड्राख्मा. किलिक्स त्याहून स्वस्त. खरी श्रीमंती चांदीत होती. बल्गेरियात दुवानली इथल्या थ्रेसियन सरदारांच्या थडग्यांत चांदीचे किलिकेस मिळाले आहेत, त्यांवर सोन्याच्या आकृती. बाकीची चांदी वितळवली गेली. माती वितळवून काही मिळत नाही, म्हणून ती उरली.

२०. फुटला की टाकून देत?

आवडता असेल तर सांधत. भोकं पाडून कांस्याचे किंवा शिशाचे टाके घालत. असे प्राचीन टाके आजही दिसतात. फुटलेल्याचाही उपयोग होता. अथेन्समध्ये एखाद्या नेत्याला दहा वर्षं हद्दपार करायचं की नाही, याचं मत खापरावर नाव कोरून देत. अॅक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लिसचं नाव कोरलेली सुमारे १९० खापरं मिळाली, त्यांत प्याल्यांच्या बैठकींचा भरणा मोठा, आणि हस्ताक्षरं मोजकीच. कोणीतरी आधीच कोरून वाटायला ठेवली होती.

२१. सामोसहून ‘पायथागोरसचा प्याला’ आणला. जास्त भरला की सगळा रिकामा होतो. हा प्राचीन आहे का?

पर्यटकांसाठीची वस्तू आहे, आणि पायथागोरसचं नाव ही लोककथा. आत वक्रनलिका आहे. पातळी तिच्या माथ्यावर गेली की सगळं खालून वाहून जातं. आपल्याकडचा पितळी वसुदेव प्याला याच तत्त्वावर चालतो: यमुनेचं पाणी बाळकृष्णाच्या पायाला लागलं की ओसरतं. दोघांना शेजारी ठेवून मुलांना दाखवा.

२२. महाराष्ट्राशी या प्याल्यांचा काही संबंध?

अथेन्सच्या चित्रित किलिकेसशी थेट नाही. त्यांचं युग इ.स.पू. चौथ्या शतकात संपलं. आपल्याकडे भूमध्य समुद्राकडचा व्यापार रंगात आला तो त्यानंतर. कार्ल्याच्या लेण्यातल्या खांबांवर यवन (त्या काळच्या भाषेत ग्रीक) दात्यांची नावं आहेत. तेर आणि नेवाशासारख्या ठिकाणी वाइनच्या कुंभांची खापरं मिळाली आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातली ग्रीक भाषेतली व्यापारी नोंद भडोच बंदरात इटालियन वाइनला मागणी असल्याचं सांगते. पिण्याची संस्कृती आली, पण ती रोमन काळातली. ग्रीक वळणाचे प्याले हातात घेतलेली माणसं पाहायची तर गांधार शिल्पांकडे वळा.

२३. खरा प्राचीन किलिक्स विकत घेता येतो का?

लिलावात येतात. माझा सल्ला: प्राचीन वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धच्या १९७० च्या युनेस्को करारापूर्वीपासूनचा लेखी मालकी-इतिहास दाखवता येत नसेल तर हात लावू नका. ज्या थडग्यातून प्याला चोरीला जातो तिथली माहिती कायमची जाते.

ओनेसिमोसने रंगवलेला, ट्रॉयच्या पाडावाचा भव्य प्याला अमेरिकेतल्या गेटी संग्रहालयाने १९८० च्या दशकात तुकड्यातुकड्यांनी घेतला. त्याच्या बैठकीवर इट्रस्कन भाषेत हेराक्लिसला अर्पण केल्याचा लेख होता. चेर्वेतेरीतल्या देवस्थानाशी तो जुळला आणि १९९९ मध्ये प्याला इटलीला परत गेला. बुडावरच्या चार अक्षरांनी घर दाखवलं.

२४. संग्रहालयात हे प्याले कसे पाहावेत?

लंडनला असाल तर ब्रिटिश म्युझियम विनामूल्य आहे. जर्मनीत म्युनिक आणि बर्लिन, पॅरिसला लूव्र, रोममध्ये विला जुलिया आणि व्हॅटिकन, अथेन्समध्ये राष्ट्रीय संग्रहालय आणि अगोरा.

काचेसमोर सरळ उभे राहू नका. आधी गुडघ्यात वाकून डोळे काठाच्या पातळीवर आणा आणि बाहेरचं चित्र एका कानापासून दुसऱ्यापर्यंत चालत पाहा. मग टाचा उंचावून आत डोकवा. खाली आरसा लावला असेल तर बैठकीवरची सही आणि कोरलेल्या खुणा शोधा. शेवटी वाडग्यात वाइन काठोकाठ आहे असं समजा आणि ती हळूहळू उतरताना चित्रातलं आधी काय उघडं पडेल ते बघा: काठाजवळची नक्षी, मग डोकी आणि पाय, सगळ्यात शेवटी मधला चेहरा.